एसीच्या पाण्याची बादली

आमच्या गल्लीत पाण्याची लॉरी पुन्हा यायला लागली. इथे टँकर कुणी म्हणत नाही, लॉरीच म्हणतात, आणि अंबत्तूरमध्ये अर्धं आयुष्य काढल्यावर मीही लॉरीच म्हणतो. वळणावर तिचा हॉर्न वाजला की वरच्या मजल्यांवरून प्लास्टिकच्या घागरींचा खडखडाट सुरू होतो. हिरव्या, निळ्या, केशरी, सगळ्या एकाच साच्यातल्या. लॉरीच्या मागच्या पाइपातून गळणाऱ्या पाण्याची रस्त्यावर ओली रेघ उमटते आणि मागे वळून पाहीपर्यंत वाळून जाते. मे महिन्यातल्या या उन्हाला इथे कत्तिरी वेयिल म्हणतात. खिडक्या-पडदे लावून बसलं तरी ते भिंतींतून आत येतं.

परवा सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत उभा होतो. समोरच्या इमारतीत एक तरुण जोडपं नव्यानं राहायला आलंय, कोइंबतूरकडचं. त्यांचा मुलगा नुकता रांगायला लागलाय. त्यांच्या बाल्कनीत एसीचा पाइप खाली सोडलेला होता, पाइपाखाली बादली होती आणि ती चांगली भरलेली होती. बाल्कनीचं दार उघडं. मूल दिसत नव्हतं, आत कुठेतरी असेल. माझा चहा तसाच राहिला.

आमच्याही घरी अशी एक बादली होती. नात रेवा तेव्हा रांगत होती आणि धरून धरून उभी राहायला शिकत होती. तो उन्हाळा चेन्नईतल्या कुणाला विसरता येणार नाही. तलाव आटले होते, बोअरिंग कोरडी पडली होती, नळ सोडला की नुसती हवा फुसफुसायची. लॉरीचं पाणी खालच्या टाकीत पडायचं आणि सोसायटीचे सेक्रेटरी सकाळी थोडा वेळ ते वर सोडायचे. तेवढ्या वेळात जो तो हाताला लागेल ते भांडं भरायचा. आमच्या घरात तर बोलायलाच नको. न्हाणीघरात दोन पिंपं, स्वयंपाकघरात ओळीनं घागरी, इडलीचं भांडं भरलेलं, मोठा कुकर भरलेला, देवघरातले तांबे भरलेले. पाहुणे आले तर बसायला जागा होती, पाय ठेवायला नव्हती. उन्हानं तापलेल्या प्लास्टिकचा आणि तुरटीचा एक वास घरभर असायचा. वरून मोगऱ्याच्या गजऱ्याचा आणि बांगनपल्ली आंब्यांचा. अजून कुठे तुरटी फिरवली की मला तोच मे महिना आठवतो.

आणि नेमका त्याच महिन्यात सुनेचा ऑफिसात परत जायचा दिवस आला.

माझी सून वैदेही तंजावरकडच्या मराठी घरातली. ऑफिस पेरुंगुडीला, म्हणजे आमच्यापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलगा निखिल इरुंगाट्टुकोट्टैला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. दोघंही सकाळी निघाली की दिवेलागणीला घरी. माझी बायको हे सगळं बघायला राहिली नाही. मी रिटायर झालेला, हातीपायी धड, पण एकट्या पुरुषाच्या अंगावर तान्ही पोर टाकून जायची वैदेहीची तयारी नव्हती आणि खरं सांगायचं तर माझीही नव्हती. म्हणून विहीणबाई आल्या. वैदेहीची आई. मैलापूरचं आपलं घर बंद करून, लोणच्याच्या बरण्या आणि एक पितळी फिल्टर घेऊन आमच्याकडे राहायला आल्या.

विहीणबाईंची मराठी आणि माझी मराठी यांत दोनेकशे वर्षांचं अंतर असावं. मी खडकीचा. इथल्या सरकारी कारखान्यात बदली होऊन आलो आणि इथलाच झालो. त्या पिढ्यान्‌पिढ्या तंजावरच्या. त्या सानुनासिक बोलतात, 'तें', 'कोठें', 'सांगिटलें' म्हणतात आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर उचलतात. मराठी त्या नुसती बोलतात, वाचतात तमिळ. मला त्या 'राव' म्हणायच्या आणि रेवाला 'पाप्पा'. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा चहा बंद करून फिल्टर कॉफी सुरू केली.

"राव, चहा म्हणजे आजाऱ्याचें पाणी," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे आजाऱ्याला कॉफी देतात," मी म्हणालो.

"म्हणून बरें होत नाहींत."

असं आमचं चालायचं. भांडण नव्हे. दोन म्हातारी माणसं एका स्वयंपाकघरात आली की भांड्याला भांडं लागतंच, आणि आम्हाला दोघांनाही तो आवाज आवडत होता.

वैदेहीनं ती नोकरी टिकवावी असं सगळ्यांत जास्त कुणाला वाटत असेल तर ते विहीणबाईंना. त्या स्वतः लग्नाआधी बँकेत होत्या. वैदेही झाली, पोर सांभाळायला घरात कुणी नव्हतं, म्हणून सोडली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, भेंडी चिरता चिरता, आणि सांगताना सुरी थांबवली नाही. "मजजवळ कोणी नव्हतें," त्या म्हणाल्या, "हिजजवळ मीं आहें." वैदेहीनं आधीच लांबलचक रजा घेतली होती. आता पुन्हा घरी बसली तर ती जागा राहणार नव्हती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यावर घरात फारसं बोलणं होत नसे.

लस टोचायला नेलं तेव्हा दवाखान्यातून एक रंगीत पत्रक मिळालं होतं. एका बाजूला तमिळ, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. लहान मुलांच्या आईबापांनी घरात काय काय जपावं. विहीणबाई ते मोठ्यानं तमिळमधून वाचायच्या आणि मग स्वतःच्या मराठीत मला समजावायच्या, जसा काही मी तमिळ न कळणारा आहे. शेंगदाणे, चणे, फुगे, नाणी, घड्याळातले चपटे सेल. कापूर हाताला लागेल असा ठेवू नये. गरम सांबाराचं भांडं जमिनीवर ठेवू नये. खिडकीखाली खुर्ची नको. औषधाला गोळी म्हणावं, चॉकलेट म्हणू नये. पाण्याच्या बादलीजवळ मुलाला क्षणभरही एकटं सोडू नये, आणि काम झालं की बादली रिकामी करून पालथी घालावी.

"हें कोणी लिहिलें?" विहीणबाईंनी विचारलं. "त्याच्या घरीं नळाला पाणी येतें वाटतें."

हसलो आम्ही. त्या मे महिन्यात बादली पालथी घालणं म्हणजे गल्लीनं वाळीत टाकण्यासारखं होतं. पण बाकीचं सगळं आम्ही मनावर घेतलं. रेवाच्या पायातल्या चांदीच्या वाळ्यांना घुंगरू होते, ते एकेक करून काढले. विहीणबाईंच्या आईनं घातलेले वाळे होते, पण त्यांनी स्वतःच पक्कड मागून घेतली. मनगटातलं वेखंडाचं कडं मात्र काढू देईनात. त्यावर आमची दोन दिवस चकमक झाली आणि शेवटी रेवा झोपेत असताना कडं कापून मी जिंकलो. कापूर वरच्या फडताळात गेला. फळ्यांचे कोपरे मी जुन्या सायकलच्या ट्यूबनं मढवले.

मी कारखान्यात जन्म काढलेला माणूस. दारूगोळ्याशी काम. सुरक्षा म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको, असा माझा थाट होता. दोन्ही पिंपांना मी प्लायवुडची झाकणं केली आणि वर पाटा ठेवला. न्हाणीघराच्या दाराला वरच्या बाजूला कडी बसवली. आणि उंबऱ्यावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची चिकटपट्टी लावली, कारखान्यात धोक्याच्या जागी लावतात ती. मोठा माणूस ती पाहून थांबतो. रेवा ती पाहून हॉलच्या दुसऱ्या टोकापासून रांगत आली, बसली आणि नखांनी सोलायला लागली. दुपारपर्यंत अर्धी पट्टी तिच्या तोंडात होती.

"राव, तुमच्या कारखान्यांत लेंकरें नव्हतीं काय?" विहीणबाईंनी विचारलं.

एसीच्या बादलीची कल्पना माझीच. त्या उन्हाळ्यात सगळ्या गल्लीला तो नाद लागला होता. एसी चालला की त्याच्या पाइपातून थेंब थेंब पाणी गळतं, एरवी ते वाया जातं. मी पाइप बाल्कनीत खाली ओढून घेतला आणि त्याखाली बादली ठेवली. रेवा दुपारी झोपली की तिच्यासाठी आतल्या खोलीत एसी लावायचो, आणि ती झोपून उठेपर्यंत इकडे बादलीत चांगलं पाणी जमायचं. स्वच्छ, गार, तळ दिसणारं पाणी. विहीणबाई ते तुळशीला आणि जाईला घालायच्या, उरलेल्यात फरशी पुसायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती बादली दाखवायचो. आता आठवलं की वाटतं, पिंपातल्या पाण्याला आम्ही पाणी म्हणत होतो, ते प्यायचं, मोलाचं, म्हणून त्याला झाकण, पाटा, कडी. बादलीतलं ते फुकटचं. ते कुणाच्या हिशेबातच नव्हतं. झाकण घालायचं तर पाइप कुठून जाणार? बादली ठेवली मी, उपसायच्या विहीणबाई. त्यामुळे मला ती त्यांची वाटायची आणि त्यांना माझी.

रेवाचंही जवळपास तसंच होतं, हे मात्र तेव्हा लक्षात आलं नाही. सकाळी वैदेही निघायची तेव्हा पोरीला आमच्या दोघांच्या मधे, चटईवर ठेवायची. "बघा हं," म्हणायची. कुणाला म्हणायची ते ठरलेलं नव्हतं. दोघंही "हो हो" म्हणायचो. दिवसभर दोघंही बघायचो. लोक म्हणायचे, भाग्यवान पोर, दोन दोन माणसं दिमतीला. आम्हालाही तसंच वाटायचं.

त्या दिवशी दुपारी रेवा झोपून उठली होती. मी तिला घेऊन हॉलमध्ये चटईवर बसलो होतो, ती डबा बडवत होती. विहीणबाई स्वयंपाकघरात मिक्सरवर चटणी वाटत होत्या. आणि लॉरीचा हॉर्न वाजला. दुपारची लॉरी कधी यायची नाही, त्या दिवशी आली, टाकी भरायला नव्हे, रस्त्यावरच घागरीघागरीनं पाणी वाटायला. जिन्यात धावपळ सुरू झाली. रिकाम्या घागरी आमच्या बाल्कनीत असायच्या. मी उठलो, बाल्कनीचं दार उघडलं, दोन्ही हातांत दोन घागरी घेतल्या आणि निघताना ओरडून सांगितलं, "विहीणबाई, मी खाली चाललोय."

मिक्सर चालू होता.

जिन्याच्या वळणावर पोचलो आणि खालून शेजारच्यांनी सांगितलं, आज घरटी तीन घागरी देताहेत. मी दोन आणल्या होत्या. तिसरी आणायला म्हणून मागे फिरलो. एवढंच. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. पोरीची आठवण झाली, मनात पाल चुकचुकली, असलं काही नाही. मी घागरीसाठी परत आलो.

बाल्कनीत शिरलो तर बादलीच्या बाहेर दोन पाय दिसले. वाळे घातलेले. पाय हलत होते, पण आवाज काही नव्हता. मला आजवर वाटायचं की पाण्यात पडलेलं माणूस धडपडतं, पाणी उडतं, ओरडणं ऐकू येतं. काही नसतं. शेजारच्या खोलीत मिक्सर नसता तरी काही ऐकू आलं नसतं.

मी तिला उपसून काढली. माझ्या तोंडून काय निघालं ते मला आठवत नाही, पण मिक्सर थांबला आणि विहीणबाई आल्या. मी नुसताच पोरीला धरून उभा होतो. त्यांनी तिला माझ्या हातून घेतलं, हातावर पालथी धरली, पाठ चोळली. रेवा खोकली, ओकली, पुन्हा खोकली आणि मग भोकाड पसरलं. त्या रडण्याइतकं चांगलं मी काही ऐकलेलं नाही. विहीणबाई खाली बसल्या, ओल्या फरशीवरच, पोरीला छातीशी घेऊन, आणि "रड, रड, आणखीन रड," म्हणत राहिल्या.

थोड्या वेळानं रेवा शांत झाली. तोंड लाल, डोळे लाल, पण विहीणबाईंच्या गळ्यातली साखळी ओढायला लागली, म्हणजे नेहमीसारखी. तिथेच थांबता आलं असतं. मी ऑटो बोलावली. ऑटोत बसल्यावर विहीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "वैदेहीला सांगूं नका."

"सांगावं लागेल."

"नोकरी सोडील ती. उद्यांच सोडील. माझीच पोर ती, मीं ओळखतें. पाप्पा बरी आहे, बघा, खेळतें आहे."

"पाणी छातीत गेलं असेल तर? रात्री काही झालं तर?"

"मीं जागी बसेन."

"जागं बसून आतलं काय दिसणार आहे?"

मी बोललो ते बरोबर होतं, पण मनातून मलाही तेच हवं होतं. कुणाला कळू नये. बादली उपसून ठेवावी, फरशी पुसावी, संध्याकाळी वैदेही आली की काहीच घडलं नाही असं दाखवावं. सुनेच्या नजरेला नजर द्यायची कल्पनाच सहन होत नव्हती. पोर वाचली, आता आपली लाज वाचावी, इतका क्षुद्र विचार माणूस करू शकतो हे मला त्या ऑटोत कळलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रेवाची छाती तपासली, बोटाला चिमटा लावून पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली. मग आमच्याकडे न बघताच तमिळमध्ये विचारलं, "पोरीजवळ कोण होतं?"

"मी," मी म्हणालो.

"मीं," विहीणबाई म्हणाल्या, त्याच क्षणाला.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. आम्ही एकमेकांना पाठीशी घालत होतो असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. दुपारी हॉर्न वाजला त्या वेळी कुणी हाच प्रश्न विचारला असता, तर मी म्हणालो असतो 'विहीणबाई' आणि विहीणबाई म्हणाल्या असत्या 'राव'. दोघंही अगदी खात्रीनं.

"दोघं होतात, म्हणूनच झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकटं माणूस असतं तर पोरीला काखेत मारून खाली गेलं असतं, नाहीतर गेलंच नसतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत हिला इथे ठेवू. श्वासावर लक्ष ठेवायला हवं. पाण्यातून काढलेलं मूल हसत असलं तरी डॉक्टरला दाखवायचं, आणलंत ते बरं केलंत. आता आईबापांना फोन करा."

फोन मी केला. आधी निखिलला, मग वैदेहीला. "रेवा ठीक आहे," हे पहिलं वाक्य, आणि मग सगळं, जसं झालं तसं. वैदेहीनं पलीकडून फक्त दवाखान्याचं नाव विचारलं. पेरुंगुडीहून अंबत्तूरला त्या वेळी यायचं म्हणजे किती सिग्नल, किती गर्दी, ते मला माहीत आहे. ती आली तेव्हा घामानं निथळत होती. तिनं पोरीला उचललं आणि आमच्याकडे पाठ करून बसली.

डॉक्टरीणबाईंनी सोडल्यावर आम्ही घरी आलो. वैदेही सरळ बाल्कनीत गेली आणि तिनं ती बादली ओतून दिली. तुळशीला नाही, जाईला नाही, फरशीवर. पाणी गॅलरीच्या कडेनं खाली रस्त्यावर गेलं. खालून कुणीतरी, या दिवसांत पाणी कोण टाकतंय म्हणून ओरडलं. तिनं बादली पालथी घातली, आत आली आणि ऑफिसला रजा कळवली. किती दिवसांची, ते लिहिलं नव्हतं.

आता हे सगळं इतकं आठवायचं कारण समोरची बादली. परवा दुपारी मी न राहवून त्यांच्याकडे गेलो. ती मुलगी चांगली, मला आत बोलावलं, ताक दिलं. घरात सगळं होतं. टेबलाच्या कोपऱ्यांना मऊ रबर, प्लगांना टोपणं, कपाटांना मुलाला न उघडणारी कुलपं, मोबाइलवर मुलाच्या वयाप्रमाणे रोज सूचना देणारं अॅप. पाळण्यावर कॅमेराही होता, तो तिच्या नवऱ्याला ऑफिसातून दिसतो म्हणे. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं आणि असतं तर मी सगळं आणलं असतं, त्याला नावं ठेवायची नाहीत मला. मी बादलीचं सांगितलं. ती म्हणाली, "अंकल, बाल्कनीचं दार नेहमी बंदच असतं." बंदच होतं तेव्हा. मी तिला म्हणालो, "आमचंही नेहमी बंदच असायचं," आणि पुढचं सगळं सांगितलं. तिनं ताकाचा पेला खाली ठेवला आणि उठून बाल्कनीत गेली. बादली रिकामी केली की नाही ते मी पाहिलं नाही, पण परत आली तेव्हा तिचे हात ओले होते.

ती मला म्हणाली, "दिवसा माझी सासू असते, आठवड्यातून दोनदा आई येते. काळजी नाही." मी तिला विचारलं, दोघी असतात तेव्हा मूल कुणाकडे असतं? तिला प्रश्न कळला नाही. मला तो कळायला किती दिवस लागले होते, म्हणून मी पुन्हा विचारला.

त्या उन्हाळ्यात, वैदेही घरी बसली ते दिवस फार जड गेले. ती रेवाला खाली ठेवत नव्हती. आंघोळीला जातानाही न्हाणीघराच्या दारात पाट ठेवून तिला बसवायची आणि दार उघडं ठेवून आंघोळ करायची. आईशी तुटक बोलायची, माझ्याशी "हो बाबा, नाही बाबा" एवढंच. विहीणबाई जेवेनात. एकदा म्हणाल्या, "राव, मीं मैलापूरला जातें. मीं असून काय उपयोग झाला?" मी त्यांना सांगितलं की तुम्ही गेलात तर वैदेहीची नोकरी गेलीच म्हणून समजा. मग त्यांना मी कारखान्यातली एक गोष्ट सांगितली. आमच्याकडे पाळी बदलताना जाणारा माणूस यंत्र सोडून नुसता निघून जाऊ शकत नसे. येणाऱ्यानं समोर उभं राहून, तोंडानं 'चार्ज घेतला' म्हणायचं. मान हलवून चालायचं नाही. हात वर करून चालायचं नाही. समोरचा बहिरा असो, तोतरा असो, शब्द ऐकू आल्याशिवाय जाणाऱ्यानं पाय उचलायचा नाही. तिथे दारू भरलेली असायची, म्हणून. इतकी वर्षं मी ते केलं आणि घरी येऊन पोरीला दोघांच्या मधे चटईवर ठेवू दिलं.

"मला शिपाई करतां काय?" विहीणबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजेला बसायच्या आधी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. रेवा खरं तर वैदेहीच्या कडेवर होती, आतल्या खोलीत. आमच्याकडे कुणी दिलेलीच नव्हती. तरी म्हणाल्या, "राव, मीं पूजेला बसतें. पाप्पा तुमची."

"घेतली," मी म्हणालो.

पूजा झाली की मी सांगायचो, "विहीणबाई, मी खाली पाण्याला जातो. रेवा तुमची." स्वयंपाकघरातून शब्द आल्याशिवाय चप्पल घालायचो नाही. "घेतली." मिक्सर लावायच्या आधी त्या बाहेर येऊन सांगायच्या. डोळ्यांत औषध घालायच्या आधी मी सांगायचो. मला दुपारी पेंग यायला लागली की उठून जाऊन सांगायचो. सुरुवातीला दोघांनाही ओशाळल्यासारखं व्हायचं, पोर हातात नसताना हे चाललेलं. निखिल एकदा हसला, आणि वैदेहीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा हसला नाही. ती आतल्या खोलीत बसून ऐकत असायची.

मग एका सकाळी ती ऑफिसचे कपडे घालून बाहेर आली. केस विंचरलेले, खांद्याला पिशवी, गळ्यात ऑफिसचं कार्ड, कडेवर रेवा. विहीणबाई स्वयंपाकघरात होत्या. मी चटईवर बसलो होतो तो उठून उभा राहिलो. वैदेही माझ्यापर्यंत आली आणि थांबली. रेवानं माझ्याकडे झेप घेतली, मी तिला काखांत धरलं, पण वैदेहीचे हात तिच्या पाठीवर तसेच होते. मी ओढून घेत नव्हतो आणि ती सोडत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

"बाबा, रेवा तुमची," ती म्हणाली.

"घेतली."

तरी तिनं सोडलं नाही. ती माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराकडे बघत होती. विहीणबाई पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांचा शब्द स्पष्ट आला.

"ऐकलें. रावांजवळ आहे."

मग वैदेहीनं हात सोडले.